तिरपा बुक्का

"पदवी कुठली तुमची?" मोबाईलच्या पडद्यावरून शाळेच्या बाईंनी विचारलं. मॉरिशसमधल्या त्या मंदिराच्या शाळेला मुलांना कीर्तन शिकवणारी कुणीतरी हवी होती, आणि वेणूच्या पदरात शिकलेलं म्हणून काय ते कीर्तनच होतं.

"पदवी नाही हो. बारावीनंतर बुवांच्या मागे झांज धरली, ती धरलीच."

"मग निदान गुरूंच्या सहीचा एखादा कागद?"

"बुवा माघात गेले." वेणूचा आवाज उतरला. "आणि सही कुठली? अंगठा मोडलेला, पेनसुद्धा धरता यायचं नाही त्यांना. कीर्तनात सगळ्यांना बुक्का लावायचे तोही तिरपा, डाव्या भुवईवर. आम्ही हसायचो."

बाई हसल्या नाहीत. "नियम आहेत ताई, माझा इलाज नाही. पण आलाच आहात समोर, तर एखादं पद तरी ऐकवा."

नोकरी तर हातची गेलीच होती. वेणूने डोळे मिटले आणि बुवांचं आवडतं पद देवासाठी म्हणून गायलं. संपलं तेव्हा खोलीभर बुक्क्याचा वास दाटला होता. बुवांची बुक्क्याची डबी तर माघापासून कुणी उघडली नव्हती.

समुद्रापलीकडे बाई कपाळ चाचपत होत्या. "अगं बाई! कुणाचं तरी गारठलेलं बोट लागलं. इथे तर मी एकटीच आहे!"

त्यांच्या डाव्या भुवईवर बुक्क्याची काळी, तिरपी रेघ उमटली होती. घाबरून त्यांनी पदर उचलला.

"पुसू नका बाई," वेणू कशीबशी म्हणाली. "बुवांची सही आहे ती."