पडलेल्याचा नियम

कारखाना सुटला की चौघं कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर राक्षस, गुहा आणि जादूगारांचा खेळ मांडायचे. आज नवी मोहीम सुरू व्हायची होती, पण आधी कुठल्या पुस्तकातले नियम धरायचे यावर कीस पाडणं चाललं होतं.

"जुन्यात माणूस पडला की संपला," खेळ चालवणारा स्टोअरकीपर म्हणाला. "नव्यात तसं नाही. शेजारच्या साथीदाराने स्वतःची एक खेळी सोडली, की पडलेला वाचतो."

"मग नवंच घ्या," वेल्डर तळहातावर फासा घोळवत म्हणाला. "आपल्या माणसाला डोळ्यांदेखत मरू द्यायचं म्हणजे काय?"

"तेच तर. एक खेळी सोडायला कुणाला काय धाड भरलीय?" लॅबवाली म्हणाली.

चौथा फिटर. त्याने पायाशी ठेवलेलं खोकं खुर्चीखाली सरकवलं. त्यात लॉकरमधून काढलेली चप्पल, डबा आणि जुना चष्मा होता. सकाळी मॅनेजरने मशीन बिघडल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला होता आणि या तिघांकडे वळून विचारलं होतं, "तुमच्यापैकी कुणाला काही सांगायचंय?" चूक फिटरची नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिघंही मूग गिळून गप्प बसले होते, आणि फिटरचा आज कामाचा शेवटचा दिवस ठरला होता.

"तुझं मत राहिलं," स्टोअरकीपर त्याच्याकडे न बघता म्हणाला.

फिटरने जुनं पुस्तक पुढे ओढलं.

"हेच बरं. यात पडलेला माणूस निदान कुणाच्या तोंडाकडे बघत राहत नाही."