हजार किलोमीटरची सबुरी

धम्मदीपच्या गाडीला चक्क ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं. तोही कापसानं गच्च भरलेल्या ट्रॉलीसकट. ट्रॉलीवर बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या आणि ट्रॅक्टरवाला मान वळवून ओरडला, "काहून रे भाऊ, उतरून धक्का मारू काय?"

आर्णी-यवतमाळ रोडवर धम्मदीपची अशी बेअब्रू जन्मात झाली नव्हती. भाड्यानं गाडी चालवणारे सतराशे साठ, पण यवतमाळला सगळ्यांत आधी कोण पोचवेल, तर धम्मदीप! या पळवण्यातच गाडीचा टर्बो गेला आणि त्याच्यापाठोपाठ इंजिनही. पिंटू मिस्त्रीनं टर्बो बदलला, रिंगा-पिस्टन नवे टाकून इंजिन पुन्हा बांधलं आणि चावी देताना दम भरला, "हजार किलोमीटर हळू चालवजो. कधी चाळीस, कधी पन्नास, पण साठ नाही. नवीन पार्ट एकमेकांत बसू दे. टर्बोची शिट्टी ऐकाची हौस आली, तर मंग गाडी माह्याकडे आणू नोको, सीधी भंगारात टाकजो."

आणि नेमके त्याच सकाळी फाट्यावर उकंडाराव उभे! उकंडाराव म्हणजे एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, आणि सुरभीचे बाबा. सुरभी आणि धम्मदीपचं आपसात सगळं ठरलं होतं. महिन्याभरापूर्वी तो छाती काढून तिच्या घरी मागणी घालायला गेला, तर उकंडारावांनी एका वाक्यात निकाल लावला, "ज्याच्या पायाले सबुरी नाही, त्याले माही पोरगी नाही." बिचारा अर्धा चहा टाकून परत आला होता.

एरवी तो त्यांच्यासमोरून भुर्रकन निघून गेला असता. पण चाळीसच्या वेगात माणूस दिसलाच नाही, असं सोंग तरी कसं आणणार? उकंडारावांनी हात केला. त्यांची एसटी चुकली होती आणि गुडघ्याला शेक घ्यायला त्यांना यवतमाळला जायचं होतं. ते पुढच्या सीटवर बसले, हाताची घडी घातली आणि यवतमाळ येईपर्यंत स्पीडच्या काट्यावरची नजर हलवली नाही. उतरताना एवढंच म्हणाले, "हं."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उभे. एसटी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, तर तिला हातही दाखवला नाही. मग हे रोजचंच झालं. हळूहळू हाताची घडी सुटली. एसटीत कोण कोंबडी विसरलं होतं आणि कोण नवरदेवालाच फाट्यावर विसरून निघालं होतं, असले किस्से सुरू झाले. धम्मदीप हसून हसून बेजार. आठवड्याभरानं सुरभीचा फोन आला.

"बाबा आईले म्हणे, पोरगं सुधरलं. खरं सांग, कोणती जादू केली तू?"

धम्मदीपला नाचावंसं वाटलं, पण क्षणभरच. सुधरलं कसलं डोंबल! सुधरलं होतं ते इंजिन. हजार भरले की याचा पाय पुन्हा शिवशिवणार, हे याला पक्कं ठाऊक. तो फोनवर नुसताच हॅ हॅ करून हसला.

हजार भरले. पिंटूनं तेल बदललं आणि बॉनेटवर थाप मारली, "घे, मोकळी झाली. पळव." पण धम्मदीपला त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. उकंडारावांना फसवून सुरभीला घरी आणायचं आणि मग जन्मभर त्यांच्या नजरेला नजर देता येऊ नये? छे! एक वेळ पुन्हा नकार ऐकू, पण खरं सांगून टाकू.

सकाळी उकंडाराव गाडीत बसले, गाडी रस्त्याला लागली आणि त्यानं एका दमात सांगितलं, "काका, मी सुधरलो-बिधरलो काही नाही. इंजिन नवीन बांधलं, म्हणून हळू चालवून राह्यलो होतो. काल हजार झाले."

उकंडारावांनी आधी काट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेल बदललं?"

"बदललं."

"गाडी बाजूले घे."

झालं! संपला कारभार. धम्मदीपनं गाडी कडेला लावली. उकंडाराव उतरले आणि वळसा घालून थेट त्याच्या दाराशी आले. आता कानाखाली बसते, म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले.

"सरक तिकडं," ते म्हणाले.

"आं?"

"अरे, नवीन बांधलेल्या इंजिनचा आवाज मले समजत नाही काय? पह्यल्याच दिवशी ओळखलं. हे पोरगं हजार काढते का दोनशेतच पाय दाबते, तेवढंच पाहून राह्यलो होतो. सरक आता!"

धम्मदीप सरकला. उकंडारावांनी आरसा नीट केला, पट्टा लावला, समोरचा मोकळा रस्ता डोळे भरून पाहिला. "सारी जिंदगी एसटी चालवली," ते म्हणाले, "थेही स्पीड लॉक केलेली. दाबून दाबून गुडघा गेला, पण काटा काही पुढं सरकला नाही."

आणि त्यांनी पाय दाबला.

टर्बोनं खणखणीत शिट्टी घातली. धम्मदीप सीटला चिकटला. कपाशीची वावरं भराभर मागं पळू लागली. काटा साठ, ऐंशी, नव्वद! उकंडारावांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. धम्मदीपनं वरचं हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि जे शब्द त्यानं जन्मात कोणाला म्हटले नव्हते, ते त्याच्या तोंडून निघाले, "काका, जरा हळू!"

उकंडाराव खदखदून हसले.

"घाबरू नोका, जावईबापू," ते म्हणाले, "फक्त सुरभीच्या मायले सांगू नोका."