उतरताना दोन शब्द

सूनबाई म्हणाली, "बाबा, इथे बसमधून उतरताना ड्रायव्हरशी दोन शब्द बोलतात. काल तुम्ही माझ्या मागून मुकाट उतरलात, तो बघतच राहिला. उद्धट समजतील हो तुम्हाला!" आयुष्यभर लोक मला भित्रा म्हणाले, पण उद्धट कुणी म्हणालं नव्हतं.

म्हणून आज बसमध्ये पुस्तक उघडलंच नाही, चार थांबे नुसतं मनात घोकत होतो. 'आभारी आहे' म्हणजे अगदी पत्राचा शेवट, आणि 'धन्यवाद' म्हटलं की सभा संपल्यासारखी वाटते. ड्रायव्हर कालचाच होता; परमुलखातला, आपली भाषा नुकतीच शिकलेला, शब्द न् शब्द कान देऊन ऐकणारा. दार उघडलं आणि घरातून निघताना रोज म्हणतो तेच तोंडून बाहेर पडलं, "बरं, येतो!"

त्याने हसून मान डोलावली. जमलं म्हणायचं! समोरच्या वाचनालयाच्या पायऱ्या चढून मी मागे पाहिलं, तर बस जागची हललेली नव्हती. दार सताड उघडं, आणि खिडक्यांतून सगळे माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होते. मी छत्री चाचपली, चष्मा चाचपला. विसरलं तर काहीच नव्हतं. म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. धापा टाकत परत दाराशी गेलो.

"सावकाश चढा, आजोबा," ड्रायव्हर अदबीने म्हणाला, "तुम्ही येतो म्हणालात, म्हणून थांबलोय."