गाडीखालून

“आता उजवीकडे,” पिकअपखालून सायबुआ म्हणाली.

वर बसलेल्या लमदुआननं स्टिअरिंग फिरवलं. ते वीतभर फिरलं, तरी पुढचे टायर जागचे हलले नाहीत.

सायबुआ पोत्यावर उताणी पडून स्टिअरिंगच्या दांड्यांच्या एकेका सांध्यावर हात ठेवत होती. बाजारातल्या दुकानदारानं तिला सांगितलं होतं, एकानं वर बसून स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्यानं खाली हात लावून बघायचं. जो सांधा हाताखाली खडखडेल, तोच गेलेला.

आजवर वर बसायची ती. खाली असायचा तिचा नवरा, थोंगदी. लोएईच्या डोंगरवाटांवर साबुकंदाची पोती वाहून गाडीचं स्टिअरिंग सारखं ढिलं व्हायचं. थोंगदी एकदा गाडीखाली शिरला की जेवणवेळ टळायची. एरवी तो अबोल माणूस. घरात दिवसभरात चार शब्द बोलला तर पुष्कळ. पण गाडीखालून त्याला कंठ फुटायचा. “डावीकडे घे. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? उजवीकडे. परवा विहारातून येताना रडत होतीस का गं?” आणि ती काचेतून समोर बघत, स्टिअरिंग हलवत, सगळं सांगून टाकायची. “किती वेळ लावता हो,” म्हणून वर कुरकुरायचीही. “सापडत नाहीये,” तो म्हणायचा.

उन्हाळ्यात तो गेला. त्याच्या नावानं भिक्खूंना भोजन घालायचं म्हणून त्यांची लेक लमदुआन रायोंगहून आली होती. तिथं ती गाड्यांच्या कारखान्यात कामाला होती. आल्यापासून मायलेकींचं बोलणं “जेवलीस?” आणि “जेवले” यापुढं गेलं नव्हतं. आज संध्याकाळची तिची बस. तिला घाट उतरून शहरात सोडायचं, तर अशा गाडीचा भरवसा नव्हता.

“डावीकडे.”

सायबुआच्या हाताखाली खट् झालं. हलणाऱ्या दातासारखा तो सांधा वाटीत डुगडुगत होता. आंधळ्यालाही कळलं असतं.

ती तशीच पडून राहिली. एवढंच? मग थोंगदीला तास तास काय सापडत नव्हतं?

आणि मग तिला कळलं. तिचे डोळे भरून आले. हात ग्रीसनं माखलेले, त्यामुळे पुसताही येईनात.

“सापडलं का, आई?” वरून लमदुआननं विचारलं. “बस चुकेल माझी.”

हो म्हणायला सायबुआनं तोंड उघडलं.

“नाही गं,” ती म्हणाली. “फिरवत राहा.”

स्टिअरिंग पुन्हा हलू लागलं. सायबुआनं गाडीच्या गंजक्या पत्र्याकडे बघत विचारलं, “जावई का नाही आले?”

“काम आहे म्हणून सांगितलं ना तुला.”

“उजवीकडे घे. ते मी शेजाऱ्यांना सांगितलंय. तू मला खरं सांग.”

स्टिअरिंग थांबलं. मग स्टिअरिंग सावकाश हलायला लागलं आणि त्याबरोबर लमदुआनचा आवाज. जावई केव्हाच दुसरीकडे राहायला गेला होता. तिनं मोठी खोली सोडली होती. आता कारखान्यामागं एका खोलीत एकटीच राहायची. स्वतःहून रात्रपाळी मागून घ्यायची, कारण अंधारात त्या खोलीत झोप लागत नसे. एकटीपुरता भात शिजवायचा अंदाज तिला अजून आला नव्हता, रोज उरायचा.

“बाबांना सांगायला फोन केला होता मी,” ती म्हणाली. “ते नुसते हं, हं करत राहिले. मग मी पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिला.”

सायबुआनं डोळे मिटले. तो माणूस गाडीखाली असता तर बोलला असता.

“मी अजून दोघांचा भात वाफवते,” ती म्हणाली. “तुझे बाबा गेल्यापासून रोज. उरलेला कोंबड्यांना घालते. चांगल्या माजल्यात.”

वर लमदुआन हसली. मग ते हसणं फुटलं आणि ती रडायला लागली. सायबुआ उठून वर गेली नाही. समोर गेली तर पोर डोळे पुसून गप्प होईल, हे तिला माहीत होतं. ती खालूनच बोलत राहिली, “डावीकडे. हं. उजवीकडे.” वरचे हुंदके थांबेपर्यंत तिनं तेच चालू ठेवलं.

गाडीखाली ऊन तिरकं शिरलं.

“बस गेली असेल,” लमदुआन म्हणाली.

“गेली असेल.”

केबिनचं दार वाजलं. लमदुआननं बापाची पत्र्याची पेटी ओढत आणली. त्यात त्यानं घेऊन ठेवलेला नवा सांधा होता. दुसरं पोतं अंथरून ती आईशेजारी उताणी सरकली. टॉर्च न लावता, इकडे तिकडे न चाचपता तिनं पाना थेट डाव्या सांध्याच्या नटावर चढवला आणि जोर लावला.

सायबुआ बघतच राहिली. “कुठला ते मी तुला सांगितलं नव्हतं.”

“खट् झालेलं वरही ऐकू येतं, आई,” नट सोडवता सोडवता लमदुआन म्हणाली.