बिनखोडीचं घड्याळ

शालिकराम अजून विचारच करत होता.

प्रश्न कौसल्येचा होता. "लग्नानंतर मी नोकरी केली तर?" पाहण्याच्या बैठकीत तिनं सरळ विचारलं होतं. शालिकरामनं वर आढ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे. चहावर साय धरली. सोबत आलेल्या मामांनी त्याला कोपरानं ढोसलं.

"बोल ना बाप्पा! जीभ अकोल्यालेच ठेवून आला का?"

तो नुसता हसला.

कौसल्येच्या वडिलांचा, पंजाबरावांचा, जीव टांगणीला लागला. हे स्थळ त्यांना मनापासून आवडलं होतं. पण आधीची दोन स्थळं लेकीनं नाकारली होती. त्या दोघांनी प्रत्येक प्रश्नाला फटाफट उत्तरं दिली होती, तरीही. "चांगले आहेत, पण काही खोडच दिसली नाही," एवढंच ती म्हणाली होती. "तुले खोड पाह्यजे का नवरा पाह्यजे?" असं तिच्या आईनं, सुभद्राबाईंनी, कपाळाला हात लावून विचारलं होतं.

सुभद्राबाईंच्या मते सगळा दोष पंजाबरावांच्या नादाचा होता. अमरावतीतल्या घड्याळांच्या शौकिनांची मंडळी दर रविवारी गोवर्धन घड्याळजीच्या दुकानात जमायची. पंजाबराव लहानपणापासून कौसल्येला तिथं नेत. कोणी नवं घड्याळ घेतलं की ते आधी कित्येक महिने रेडिओच्या वेळेशी ताडून पाहायचं. त्याची खोड सापडली की पेढे वाटून बारसं करायचं आणि त्या खोडीवरूनच लाडाचं नाव द्यायचं. पुढे पळणारं ते 'धांदलबाई'. पालथं ठेवलं की थांबणारं ते 'रुसूबाई'. थंडीत मागे पडणारं ते 'कुडकुड्या'. बिनखोडीचं घड्याळ कोणीही खुशाल विकावं, पण एकदा बारसं झालं की ते जन्मभर आपलं. मंडळींचा हा नियम आजवर कोणी मोडला नव्हता.

शेवटी शालिकरामनं कप खाली ठेवला.

"नोकरी अकोल्याले का इथंच, अमरावतीले?"

"इथं मिळाली तर?"

"तर मी इकडं बदली मागतो. मिळंन का नाई, कोणाले भेटा लागंन, तेच पाहून राहिलो होतो."

"एवढं सांगाले इतका वेळ!" मामा म्हणाले.

कौसल्या उठून आत गेली. पंजाबराव तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आले. सुभद्राबाई चुलीपाशी वाटच पाहत होत्या.

"पोरगा गुणाचा आहे, पण लय सुस्त, माय! बस निंघून जाईन, अन् हा तिकीट काढू का नको तेच ठरवत राहीन."

पंजाबरावांचा चेहरा उतरला. आईचं म्हणणं कौसल्येनं खोडून काढलं नव्हतं.

"पटत नसंन तर तसं सांग पोरी," ते हळूच म्हणाले. "मी सांगतो त्याईले."

कौसल्येनं चुलीवर नव्यानं आधण ठेवलं.

"बाबा, आधी पेढे आणा."

"पेढे? कायले?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"बारसं आहे," कौसल्या हसून म्हणाली. "बाहेर उशीरराव बसले आहेत ना."