पाण्यातली वंदना

"पुढं बसा ना काका, इथून काय दिसन?" चंद्रशेखर म्हणाला.

भाऊरावांनी मान हलवली. त्यांना मागची पायरीच बरी होती. पुढं बसलं की काठावर उभा असलेला मुलगा प्रेमानंद बघणार, आणि मग बोलावं लागणार.

खरं तर बोलायलाच ते देऊळघाटहून आले होते. घरून निघताना सगळं पाठ होतं. बुलढाण्याच्या जलतरण तलावापर्यंत येताना त्यातलं निम्मं सांडलं, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला पोरगा दिसताच उरलेलंही गेलं. चार शब्द तर होते. 'माह्यं चुकलं, माफ कर.' बापाच्या तोंडून तेवढेही निघत नाहीत.

प्रेमानंद भारताच्या वॉटरपोलो संघाचा गोलकीपर होता. पाय न टेकता, खोल पाण्यात तरंगत चेंडू गोलात मारायचा असा हा खेळ. गावात पहिल्यांदा बातमी आली तेव्हा शेजारच्या उकंडरावांनी विचारलं होतं, "अन् घोडे बुडत नाहीत का हो भाऊराव?" तेव्हा भाऊरावांची बायको बेबीताई पोट धरून हसल्या होत्या.

पोराला पोहायला त्यांनीच शिकवलं. तेलाचा रिकामा डबा त्याच्या पाठीला बांधून मळ्यातल्या विहिरीत सोडायच्या आणि वरून दोर धरून बसायच्या. दुपारी वांगी तोडायची राहिली तरी चालेल, पण दोर सोडला नाही. पुढं पोरगा अमरावतीला शिकायला गेला. तिथं या चंद्रशेखरची गाठ पडली, मेहकरचा पोरगा. दोघं राज्याकडून खेळले, मग देशाकडून. बेबीताईंनी एकही सामना समोर बसून पाहिला नाही. जे पाहिलं ते मोबाइलवर, डोळ्यांजवळ धरून.

आणि मग ती सकाळ आली. बेबीताई वांग्याच्या वाफ्यातच कोसळल्या त्या उठल्याच नाहीत. प्रेमानंद परदेशात होता आणि संध्याकाळी पदकाचा सामना होता. कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचला असता, माती थांबवता आली असती. भाऊरावांनी अंगणात सगळ्यांना बजावलं, "खेळ होईपर्यंत त्याले कोणी सांगायचं नाही. इतक्या वर्षांची मेहनत हाय पोराची."

अंधार पडायच्या आत सगळं उरकलं. सामना संपल्यावर त्यांनीच फोन लावला.

"माय गेली रे तुही."

पोरगा रडला नाही. कधी, कशानं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "बाबा, तुम्ही जेवले का?"

रागानं पोराची वाचाच गेली, असं भाऊरावांनी धरलं. त्यानंतर प्रेमानंद घरी आला की एका रात्रीच्या वर राहिला नाही. बापाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मुलीजवळ, दीपमालाजवळ विषय काढला की ती म्हणायची, "झालं ते झालं बाबा," आणि चहा ठेवायला आत निघून जायची. मायचं शेवटचं तोंड पाहू दिलं नाही, हे दुःख भाऊरावांना चार वर्षं खात होतं.

त्या सामन्याची चित्रफीत मात्र त्यांच्या मोबाइलात होती. संघ जिंकला होता, पण भाऊरावांना सुरुवातच जास्त आवडायची. शिट्टीच्या आधी आपली सगळी पोरं पाण्यात एका ओळीत येतात आणि माना खाली घालतात. भाऊरावांनी पहिल्या झटक्यात ओळखलं, ही वंदना. आपल्यात त्रिशरण-पंचशील घेतल्याशिवाय बारसं होत नाही की गृहप्रवेश होत नाही. हात पाण्याखाली चालते ठेवायचे असतात, जोडणार कसे? समोरच्या देशाच्या पोरांनीही माना झुकवल्या होत्या, याचं त्यांना कोण कौतुक. विहारात सगळ्यांना दाखवलं होतं, पोरानं वंदना परदेशात नेली म्हणून. घरी एकटे पाहायचे तेव्हा मात्र डोळे भरायचे. मान खाली घातलेल्या त्या लेकराला काय ठाऊक, घरी काय झालं ते!

तलावावर आज जिल्ह्याच्या संघाची निवड होती. पोरं पाण्यात उतरली. प्रेमानंदनं शिट्टी वाजवली आणि दोन्हीकडची पोरं पाणी उडवत चेंडूवर तुटून पडली.

भाऊराव चमकले. "हे काय? वंदना काऊन नाही घेतली?"

"कोणती वंदना काका?"

"खेळाच्या आधी घेता ना तुम्ही. तू बी होता की." त्यांनी मोबाइल काढला, डोळे मिटूनही सापडेल अशी ती चित्रफीत लावली आणि चंद्रशेखरच्या हातात दिली.

चंद्रशेखर पाहत राहिला. चित्रफीत संपली तरी त्यानं मोबाइल परत दिला नाही. काठावरचा प्रेमानंद आता वळून त्या दोघांकडे पाहत होता.

"त्यानं तुम्हाले अजून सांगतलं नाही?" चंद्रशेखरचा आवाज उतरला. "असं खेळाच्या आधी काही नसते काका. आम्ही एकदाच केलं. काकूसाठी."

"तवा त्याले कुठं माहीत होतं?"

"दीपमालाताईचा फोन सकाळीच आला होता. आम्ही म्हटलं, निघ तू, विमानाचं आम्ही पाहतो. तर म्हणे, 'बाबांनी ठरवलं ना? मंग त्याइचा फोन येईपर्यंत मले काही माहीत नाही.'"