भाताखालचं नाव

भावनाने नूतनच्या ताटात बरोबर मधोमध भात वाढला आणि वरून वाटीने दाबला. मूद नीट बसावी म्हणून दाबला, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. खरं तर खालचं एकही अक्षर दिसत नाही ना, याची ती खातरजमा करून घेत होती.

"एवढा भात, वहिनी?"

"खा गं. बुद्धपौर्णिमा काय रोज येते?"

काशाची जुनी ताटं जमवायचा नाद भावनाला मोबाइलवरचे व्हिडिओ बघून लागला. अंबरनाथ पूर्वेचं त्यांचं घर आधीच ठासून भरलेलं. मग होळीच्या सुमारास तिने माळा रिकामा केला, तिथली पोती न उघडताच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवली, आणि मोकळ्या जागेत उल्हासनगरच्या जुन्या बाजारातून एकेक ताट आणून रचायला लागली. "भंगार देतेस आणि भंगारच आणतेस," असं तिचा नवरा महेंद्र म्हणायचा. भावना ते कानाआड करायची. पौर्णिमेला नणंद नूतन, तिचा नवरा, सासूबाई, सगळे काशाच्या ताटात जेवणार हे तिने ठरवूनच टाकलं होतं. बेतही ठरला होता. खीर, पुऱ्या, भरली वांगी, वरणभात आणि एकट्या सासूबाईंना आवडतं म्हणून कारलं.

एक ताट कमी पडत होतं, ते गेल्या आठवड्यात मिळालं. "भाभी, भाव मत करो," दुकानदार म्हणाला, "घर की चीज समझ के ले जाओ." घरी आणून ती चिंचेने घासायला बसली, तर काळ्या पडलेल्या तळातून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. 'आयु. नूतन हिस मंगल परिणयानिमित्त सप्रेम भेट. भावनावहिनी.'

भावना हातात चिंच धरून मोरीतच बसून राहिली. आपल्या पहिल्या बोनसमधून घेतलेलं ताट ते. नाव घालणाऱ्याशेजारी उभं राहून तिने एकेक अक्षर सांगितलं होतं. आणि नूतनने ते फुंकून टाकलं? तिला आधी रडू आलं, मग राग आला, आणि राग जरा मुरल्यावर हा आजचा बेत सुचला.

"सरळ विचार ना तिला," महेंद्र म्हणाला होता.

"मी कशाला विचारू? वाचेल की तीच."

आता नूतन काही वाचायचं नाव घेईना. ती पुरीने खीर खात होती, वांग्याचं कौतुक करत होती, सासूबाईंशी, म्हणजे आपल्या आईशी, गप्पा मारत होती. भाताला हातसुद्धा लावत नव्हती. भावनाचं स्वतःचं ताट तसंच पडलं होतं.

"भात गार होतोय," भावना म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली. शेवटी वरण घेऊन उभीच राहिली. "मध्ये खड्डा कर, वाढते."

नूतनने खड्डा केला आणि तिचं बोट थांबलं. तिने भात जरा बाजूला सारला. मग आणखी जरा. भावनाने पदर खोचला. चार दिवस आरशासमोर घोटलेलं वाक्य जिभेवर तयार होतं, 'नाव ओळखीचं वाटलं, म्हणून विकत घेतलं हो.'

"आई," नूतन म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. "हे बघ. माझं ताट. वहिनीने काढलंय."

"कुठलं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"अगं, आमची चाळ पाडली तेव्हा पोतं नव्हतं का दिलं तुझ्याकडे? त्यातलं."

"हां, ते होय. भावना ड्युटीवर होती तेव्हा. जावयांनीच तर माळ्यावर चढवलं."

भावनाच्या हातातली पळी हवेतच राहिली. भंगारवाला त्या दिवशी जराही घासाघीस न करता गेला होता. इतका घाईघाईने का गेला, ते तिला आत्ता कळलं.

नूतन बोलतच होती. बदलापूर गावातली भाड्याची खोली ही एवढीशी, तिथे भांडी ठेवणार कुठे. "मला वाटायचं, काळी ठिक्कर पडली असतील माळ्यावर. आणि वहिनी, तू घासूनपुसून माझ्याच पुढ्यात मांडलंस. सख्खी बहीण नाही गं करत एवढं." तिने डाव्या हाताने डोळे टिपले. "बाकीचं राहू दे तसंच. दिवाळीत नव्या घराचा ताबा मिळाला की नेते. आमच्या सासूबाईंची घागर आहे त्यात, तेवढी जप."

भावनाने महेंद्रकडे बघितलं. महेंद्र मान खाली घालून पुरी मोडत होता.

"काळजी करू नको," तो बहिणीला म्हणाला. "सगळं नीट आहे. फक्त इथे नाही, उल्हासनगरला ठेवलंय."

"उल्हासनगरला? कोणाकडे?"

"आहेत तुझ्या वहिनीच्या ओळखीचे. रविवारी जाणारच आहोत आम्ही."

भावनाने त्याच्या ताटात कारल्याची भाजी वाढली, तो नको नको म्हणेपर्यंत वाढली. मग भाताचं पातेलं घेऊन नूतनसमोर वाकली. ते नाव तिला बघवत नव्हतं. कसंही करून ते झाकायचं होतं.

नूतनने ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"आता भात नको, वहिनी," ती म्हणाली. "नाव झाकलं जाईल."